यादीत ओरडणं नव्हतं

माझ्या डाव्या डोळ्याला नेमकं काय झालं होतं, ते मला अजूनही एका दमात सांगता येत नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, भागाकारापासून ग्रहणापर्यंत सगळं फळ्यावर काढून दाखवलं, पण हे मला फळ्यावर काढता यायचं नाही. तरी लिहायला बसले आहे. ज्या दिवसांत मला हे झालं त्या दिवसांत मी भेटेल त्याला विचारत होते, "हे आणखी कुणाला झालंय का हो?" ज्याला त्याला मोतीबिंदू झालेला. फार तर कुणाचा पडदा सरकलेला. माझ्यासारखं एकही माणूस भेटलं नाही. तुम्हाला कुणाला हे झालं असेल, तर निदान एक बाई भेटली असं तुम्हाला म्हणता यावं.

आधीचं थोडं

उजवा डोळा माझा आधीच गेलेला. काचबिंदूने गेला, आणि जाताना सांगूनही गेला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा डाव्या डोळ्यात चिलट गेलं म्हणून मी तो हाताने झाकला, तर समोरचा पडवीचा खांब दिसेना. मला वाटलं वीज गेली. भर दुपारी! मग तपासण्या झाल्या आणि कळलं, की उजव्या डोळ्याची नस वाळून गेली आहे, ती काही परत यायची नाही. डाव्यातही तेच सुरू झालंय, पण डावा राखता येईल. डोळ्यातला दाब वाढतो आणि त्याचा भार नसेवर पडतो, म्हणून दाब खाली ठेवायचा. हे मला लगेच समजलं. जास्त दाब वाईट, कमी दाब चांगला. सोपं गणित.

सहा वर्षं मी डाव्यात थेंब घातले. देवाजवळचा दिवा एखाद्या संध्याकाळी चुकला असेल, थेंब चुकला नाही. पण गेल्या दिवाळीनंतर दाब थेंबांना जुमानेना. तीसच्या वर गेला. रत्नागिरीच्या आमच्या डॉक्टर म्हणाल्या, आता ऑपरेशन करू. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक बारीकशी वाट करायची, म्हणजे आतलं पाणी त्यातून थोडं थोडं झिरपेल आणि दाब उतरेल.

मी नको म्हणत होते. राहिलेला एक डोळा, आणि त्यालाच सुरी लावायची? पण आमचे हे म्हणाले, "करून टाकू या गो. आहे तेवढं तरी राहील." ह्यांनी पोस्टात नोकरी केली आणि आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. इतकं ठाम ते कधी बोलल्याचं मला आठवेना, म्हणून मी हो म्हटलं. त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मी त्याचा फार वाईट उपयोग केला.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. डोळा बधिर केला, तोंडावर हिरवं कापड घातलं, आणि कापडाबाहेर डॉक्टर नर्सला विचारत होत्या, की आज डब्यात काय आणलंयस. मला त्याने धीर आला. जिला डब्याची आठवण आहे, तिचा हात काही कापत नसणार. पाचव्या दिवशी दाखवायला गेलो, तर दाब आठवर आलेला. डॉक्टर खूश, हे खूश, मुंबईहून मुलाने फोनवर टाळ्या वाजवल्या.

फ्रीजवरची यादी

दवाखान्यातून घरी सोडताना एक छापील कागद दिला होता. डोळा चोळू नये. डोक्यावरून पाणी घेऊ नये. खाली वाकू नये. जड उचलू नये. त्या कुशीवर झोपू नये. शौचास जोर करू नये. खोकला झाल्यास कळवावे. धुरापाशी जाऊ नये. ह्यांनी तो कागद फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावून टाकला.

मी शिक्षिका. लेखी सूचना मोडायची माझी प्राज्ञा नाही. विहिरीवरची कळशी सोडली, केर सोडला, देवापुढे वाकून नमस्कार करायचा सोडला, उभ्यानेच हात जोडले. आम्ही पावसच्या अलीकडे एका वाडीत राहतो. रिक्षा खाली रस्त्यावर थांबते आणि घरापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी चढून यावं लागतं. ती पाखाडी मी रोज दोनदा उतरायची आणि चढायची, ती पण सोडली. ह्यांनी पडवीच्या टोकाला वेताची खुर्ची मांडली आणि म्हणाले, "तू काही करू नकोस. नुसती बस."

नुसतं बसायला मला कुठे येतं? समोर आमची बावीस कलमं. हापूसच्या कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या, आणि माकडांना नेमकं हेच वय आवडतं. खातात एक आणि चावून टाकतात दहा. मोठ्या बागांतून राखणीला गुरखे असतात, रात्रंदिवस फटाके लावतात. बावीस कलमांना राखण्या कोण ठेवणार? आमच्या बागेची राखण गेली कित्येक वर्षं माझ्या आवाजावर चालली आहे.

आवाजाबद्दल सांगायला हवं. शाळेत झेंडावंदनाला लाउडस्पीकर बंद पडला तरी कुणी धावपळ करत नसे, "बाई आहेत ना" म्हणत. पडवीत उभं राहून मी बेंबीच्या देठापासून "हुऽऽर्र" केलं, की खालच्या वाडीतल्या कोंबड्यासुद्धा पळतात. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या मी तेवढं एक चालू ठेवलं. सकाळी दहा-पंधरा वेळा, दुपारी ह्यांचा डोळा लागला की जास्त. त्याला मी काम समजतच नव्हते. शिंक यावी तसं ते येतं.

चार वाजता दिवा

नवव्या दिवशी दुपारी मी ह्यांना म्हटलं, "अहो, पडवीतला दिवा लावा. अंधारून आलं."

हे म्हणाले, "चार वाजलेत गो."

मी म्हटलं, मग ढग आले असतील. फाल्गुनात कसले ढग? मग वाटलं, डोळ्यावरचं प्लास्टिकचं झाकण मळलं असेल. ते काढून पुसलं. तरी डाव्या कडेला काहीतरी होतंच. काळंही नाही, तपकिरी म्हणावं असं, दाराची एक फळी कुणी अर्धी पुढे लोटावी तसं. मान वळवली की तेही वळे. नाकाच्या बाजूनेही तसलंच काहीतरी, पण लहान. मधून समोरचं दिसत होतं, पण तेही पाण्यातून बघितल्यासारखं.

दुखत मात्र काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुखलं असतं तर मी तासाभरापूर्वीच बोलले असते. न दुखल्यामुळे मी तासभर ढग, झाकण, चष्मा असं शोधत बसले. तुम्ही बसू नका.

हे माझ्याकडे न बघता आत गेले आणि शर्ट घालून आले. पाखाडी उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. खालची पायरी मला कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे मी त्यांना सांगत नव्हते.

गिलावा

दवाखान्यात डॉक्टरनी आधी दिवा लावून पाहिलं, मग भिंग धरून पाहिलं, मग मला आडवं केलं. मिटलेल्या पापणीवर गार चिकट काहीतरी लावून त्यावरून यंत्राची दांडी फिरवली. पोटुशी बाईची करतात तशी सोनोग्राफी, फक्त डोळ्याची. एवढ्या सगळ्यात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शाळेत इन्स्पेक्टर वह्या बघताना असा गप्प राहिला, की आमची पाचावर धारण बसे.

"बाई, दाब फार उतरलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "चार आहे."

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"नाही. इतका नको."

मी गोंधळले. म्हटलं, "तीस वाईट. आठ चांगला. आणि चार परत वाईट?"

"हो."

"असं कसं?"

त्यांनी खरंच समजावून सांगितलं, त्यांना बोल नाही. डोळ्याच्या भिंतीला तीन थर. बाहेरचा पांढरा, मधला रक्तवाहिन्यांचा, आणि आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं. आतला दाब फार उतरला, की मधल्या थराच्या पाठीमागे पाणी साचतं आणि तो थर आतल्या बाजूला फुगून येतो. त्याला कोरॉइडल डिटॅचमेंट म्हणतात. फुगवटा जिथे येतो, तिथलं झाकलं जातं.

"म्हणजे माझा पडदा सरकला?"

"पडदा नाही. पडद्याच्या मागचा थर."

"पण तो फुगला म्हणजे पडदाही पुढे आला?"

"त्याच्याबरोबर आला. पण सुटला नाही."

हे मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी दवाखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात ओल आली की गिलावा फुगतो ना, तसं. आतली ओल आटली की बसतो.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मूळच्या सांगलीच्या. आमच्याकडे फुगलेला गिलावा बसत नाही. पडतो."

हे खाली बघायला लागले. डॉक्टर मात्र हसल्या. म्हणाल्या, "भिंत आणि डोळा यांत एवढा तरी फरक असतो बाई. डोळा जिवंत आहे."

उपाय काय, तर थेंब बदलायचे, सूज उतरवणारे दर दोन तासांनी घालायचे, बाहुली मोठी करणारे वेगळे घालायचे, आणि थांबायचं. बहुतेकांचं आपणहून उतरतं. नाही उतरलं आणि दोन्हीकडचे फुगवटे मध्ये येऊन एकमेकांना टेकायला लागले, तर मात्र छेद देऊन पाणी काढावं लागतं. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

"मला दिसेल ना?"

"मला वाटतं दिसेल."

'मला वाटतं.' चौथीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती.

घरी

घरी आल्यावर जो तो शहाणा झाला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी गाडी पाठवतो, सरळ मुंबईला ये." मी म्हटलं, घाटातून खडखडत आठ तास यायचं हे त्या डॉक्टरना विचारलंस का? तो म्हणाला, त्या डॉक्टरनीच तर हे केलंय. मग मी फोन ह्यांच्या हातात दिला.

लांज्याहून माझ्या नणंदबाई मदतीला आल्या. मनाने चांगल्या, पण तोंडाला कुलूप नाही. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तरी मी सांगत होत्ये, ऑपरेशन नको म्हणून. आमच्या शेजारच्या शिंप्याचा पडदा सरकला, तर डॉक्टरानं त्याला पंधरा दिवस पालथा निजवलान होता. तू पालथी नीज वहिनी."

"ताईवन्सं, माझा पडदा सरकला नाही. मागचा थर आहे."

"तेच ते."

तेच ते नाही, हे मी ठासून सांगितलं. पण सांगताना माझी मलाच खात्री नव्हती. दोन तास मी पालथी निजले. मग भीती वाटून ह्यांना दवाखान्यात फोन करायला लावला. तिकडून नर्स म्हणाली, "अहो आजी, पालथं कुणी सांगितलं? डोळ्यावर दाबू नका!" म्हणून पुन्हा उताणी.

त्याच संध्याकाळी मी ते बोलले. हे थेंब घालायला आले होते. बाहुली मोठी केल्यामुळे साध्या बल्बचा उजेडही डोळ्यात सांडत होता. वाचता येत नाही, माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेची तपकिरी फळी आता कालपेक्षा पुढे आलीय असं वाटतंय, आणि हे मात्र शांतपणे बाटली हलवतायत. मी म्हटलं, "तुमच्या सांगण्यावरून केलं. गेला ना माझा डोळा? आता म्हणा, आहे तेवढं तरी राहील."

त्यांनी बाटलीचं टोपण काढलं. थेंब घातला. घालताना ते एक हात माझ्या कपाळावर टेकवत, तो हात गार लागला. मग बाहेर जाऊन पाखाडीच्या पहिल्या पायरीवर बसले. नणंदबाई स्वयंपाकघरात भांडी उगाच वाजवत होत्या. मला माझी लाज वाटली, आणि मी ह्यांना आत बोलावलं नाही. बरोबर दोन तासांनी ते आपणहून पुढचा थेंब घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून मी आणखी ओरडायला लागले, माकडांवर. आता माकडं दिसत नव्हती, म्हणून आवाजावर ओरडायची. पान सळसळलं की हुऽऽर्र. फांदी वाकली की हुऽऽर्र. कुत्रा पाचोळ्यातून गेला, त्याच्यावरही. डोळा चालला होता, निदान कैऱ्या तरी राहू देत, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि दुसरं करण्यासारखं माझ्या हातात होतं तरी काय?

"एक सांगू का?"

चौथ्या दिवशी पुन्हा तपासणी. फुगवटे वाढले होते. टेकले नव्हते, पण वाढले होते. दाब चारचाच. डॉक्टरनी एकेक गोष्ट पुन्हा तपासली. टाके ठीक, केलेली वाट ठीक, थेंब वेळच्या वेळी. "मग पाणी एवढं झिरपतंय कशाने? बाई, तुम्ही दिवसभर करता काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "खुर्चीत बसून असते."

"वाकता? उचलता काही?"

"कागदावर लिहिलंय त्यातलं एकही नाही." हे मी अभिमानाने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात हे खाकरले. "डॉक्टर, एक सांगू का?"

मी तोंड न वळवता कडेने पाहिलं, पण ते ज्या बाजूला बसले होते तिकडे मला नुसती ती फळी दिसत होती.

"ही माकडं हाकते," ते म्हणाले.

"म्हणजे? बागेत जातात? धावतात?"

"नाही, नाही. खुर्चीतूनच. ओरडते. जोरात." मग पुढे म्हणाले, "ओरडताना हिच्या मानेची शीर टरारून वर येते. तोंड लाल होतं. मी चार दिवस बघतोय. शौचाला जोर नको म्हणता, खोकला नको म्हणता, तर मला वाटलं, हा पण जोरच की."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या असाव्यात. "किती वेळा?"

"दिवसाला तीस-चाळीस," हेच म्हणाले.

मला असा राग आला म्हणता! भर दवाखान्यात, बाहेरच्या डॉक्टरसमोर, नवरा माझी चुगली करतोय. मी म्हटलं, "यादीत ओरडणं नव्हतं. तुमच्या कागदावर आहे का सांगा. आणि ते काही तसं ओरडणं नसतं, हे बघा—" असं म्हणून मी श्वास घेतला.

"नको! नको बाई, दाखवू नका!" डॉक्टर खुर्चीतून उठल्याच.

नर्स फिसकन हसली. मग डॉक्टरही हसल्या, आणि हेही, घशातल्या घशात. मी हसले नाही. मला रडू येत होतं, आणि रडलेलं डोळ्याला चालतं का, हेही यादीत नव्हतं.

डॉक्टर पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, "त्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही. दाब उतरायला दुसरी कारणं असतात, आणि कधीकधी नेमकं कारण सापडतच नाही. पण नव्याने केलेल्या वाटेला दिवसातून चाळीस धक्के नकोत. ओरडणं बंद. एक आठवडा बघू. तोवर उतरलं नाही, तर पाणी काढायचं. आता याच्यापुढे थांबायचं नाही."

मग कागदावर काहीतरी लिहीत त्यांनी विचारलं, "माकडांशिवाय आणखी कुणावर ओरडता का?"

हे छताकडे बघत होते, असं नर्सने मला नंतर सांगितलं.

आठवडा

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गेला. डोळ्याला फळी आणि तोंडाला कुलूप.

माकडांना दुसऱ्या दिवशीच कळलं. कसं कळतं देव जाणे. आधी विहिरीकडच्या कलमावर, मग पायऱ्यांकडच्या, मग पडवीच्या कौलांवर. खडखड आवाज येई, कैऱ्या पडल्याचा थप थप आवाज येई, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसे. हे रॉकेलचा जुना डबा काठीने वाजवत. तोही असा सभ्यपणे, की दारावर कुणी पाहुणा आलाय असं वाटावं. नणंदबाई ओरडून पाहत, पण त्यांचा आवाज चिरका. माकडं जागची हलत नसत.

शेवंती मदतीला आली. खालच्या वाडीतली, बागेतलं गवत काढायला येते ती. पाखाडी चढून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, डोल्याला काय झाला तुमच्या? तुमचा आवाज न्हाय आयकला म्हनून आमी घाबरलाव."

मी हळू आवाजात सांगितलं, ओरडायचं नाही.

"मग नका वरडू. तुमी गप ऱ्हावा. मी वरडतंय ना."

आणि खरंच, रोज दुपारी काम आटपून ती पडवीच्या पायरीवर बसायला यायला लागली. ओरडायची, आणि मधल्या वेळात मला सगळं सांगायची. "आता त्यो मोटा वर चडला. आता तेनी कैरी खाल्लान. न्हाय, टाकलान मेल्यानं." मी डोळे मिटून ऐकत असे. बाई माणसाला आंधळ्यासारखं बसवून माकडांचं वर्णन ऐकवायचं, याचं कुणाला हसू येईल. मला त्या आठवड्यात दुसरा विरंगुळा नव्हता.

एरवी मी भीत होते, आणि खरं तर मला काही समजतच नव्हतं. फळी मागे सरकतेय की पुढे, हे बघायला मी समोरच्या खांबावर नजर ठेवून कडेला काय दिसतं ते मोजत असे. सकाळी वाटे, बोटभर उजेड आला. दुपारी वाटे, छे. संध्याकाळी वाटे, कालच बरं होतं. शेवटी ह्यांनी मला मोजायला बंदी केली. मीही मोजायचं सोडलं, निदान त्यांना सांगायचं तरी सोडलं.

पाचव्या दिवशी थेंब घालताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही दवाखान्यात सांगितलंत ते बरं केलंत."

"हं," ते म्हणाले.

"आणि त्या दिवशी मी बोलले ते..."

"बोलू नकोस. जोर पडेल." ते बाटलीचं टोपण लावत होते. हे थट्टा करतायत की काय ते मला चटकन कळलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी केलेल्या थट्टा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग कळलं. मी हसले, आणि हसताना जोर पडू नये म्हणून पोट धरून हसले.

किती गुण

आठव्या दिवशी पुन्हा तीच चिकट जेली, तीच दांडी. या वेळी डॉक्टर मध्येच बोलल्या, "अरे वा." नाकाकडचा फुगवटा गेला होता. कानाकडचा निम्म्यावर आला होता. दाब नऊ. पाणी काढायची गरज नाही.

हे भिंतीला टेकले. मला तेवढं दिसलं.

मी विचारलं, "कशाने गेलं? थेंबांनी की गप्प बसल्याने?"

"दोन्हींनी असेल. किंवा आपलं आपण. पुष्कळदा आपलं आपणच जातं."

असं उत्तर लिहिणाऱ्याला आम्ही शाळेत फार तर अर्धे गुण देत होतो. मी डॉक्टरना पूर्ण दिले. मला अजूनही माहीत नाही, की ओरडण्याने झालं होतं का. मुलगा म्हणतो, नाही. नणंदबाई म्हणतात, पालथी निजली असतीस तर लवकर बरं झालं असतं. मी पुन्हा ओरडून खात्री करून बघणार नाही, एवढं नक्की.

तुम्हाला झालं असेल, तर मला जे समजलं ते एवढंच. दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जा. शेजारच्या शिंप्याचा पडदा आणि तुमचा थर एक नव्हे, तेव्हा त्याची औषधं त्यालाच राहू देत. आणि दिवसभर काय करता असं डॉक्टरनी विचारलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. घरातल्या माणसाला देऊ द्या.

डावीकडे

त्यानंतर तीन आठवडे गेले. बाहुली मोठी करणारे थेंब थांबले, उजेड डोळ्यात सांडायचा थांबला. समोरचं स्वच्छ दिसायला लागलं. डावी कड मात्र मी मोजत नव्हते, ह्यांची बंदी होती म्हणून.

एका सकाळी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ह्यांच्या मांडीवर तो रॉकेलचा डबा, हातात काठी. मी समोर पाखाडीकडे बघत होते. उद्यापासून एकटीने उतरू द्याल का, असं विचारावं की नको, या विचारात होते. तेवढ्यात माझ्या डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. अगदी कडेला. मान न वळवता.

लांब शेपटी, फांदीवरून खाली लोंबलेली.

मी सवयीने श्वास भरून घेतला. छाती फुगली, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"अहो," मी हळूच म्हटलं. "डावीकडे माकड आहे."

त्यांनी काठी उचलली आणि डावीकडे, पायऱ्यांकडच्या कलमाकडे पाहिलं. मग काठी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा सरळ समोर होता.

"कुठे म्हणालीस?"

"डावीकडे. चार आहेत. एकीच्या पोटाशी पिल्लू आहे."

त्यांनी चष्मा सावरून मोजली. चारच होती. त्यांनी डबा मांडीवरून उचलून खाली फरशीवर ठेवला, आवाज न करता. माकडांनी त्या सकाळी पायऱ्यांकडचं कलम निम्मं रिकामं केलं, आणि आम्ही दोघं बघत बसलो.